तिसरा दिवा

नंदीश चार वाजता येणार होता. जाताना तो दोन गोष्टी दुधनीला आपल्या घरी नेणार होता, आठ-पंधरा दिवसांसाठी अव्वाला आणि कायमचा अप्पांचा लॅपटॉप. लॅपटॉप वाटेत सोलापुरातल्या सात रस्ता चौकातल्या एका दुकानात द्यायचा, त्यातलं सगळं पुसून तो कोरा करून घ्यायचा आणि मग नंदीशच्या मुलीला, रुद्राणीला द्यायचा, असं ठरलं होतं. ठरवलं अव्वा-अप्पांच्या लेकीने, महेश्वरीनेच होतं. मामेभावाने जरा संकोचत विषय काढला, की पोरगी यंदा अकरावीला गेली, तिला उपयोग होईल. आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणून मोकळी झाली. अप्पांना जाऊन बारा दिवस झाले होते. या बारा दिवसांत कोणी काहीही विचारलं तरी ती हो म्हणत होती. प्रसादाला गव्हाची हुग्गी करू या का, खाटेवरची गादी देऊन टाकू या का, खुर्च्या न्यायला टेम्पो पाठवू का. हो. नाही म्हणायचं तर त्या गोष्टीचा थोडा तरी विचार करावा लागतो.

रडू तिला आलं नव्हतं. रुद्रभूमीत लिंगायत रीतीने अप्पांना खड्ड्यात बसवलं, कपाळभर विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, तेव्हा ती बायकांच्या घोळक्यात पुढेच उभी होती आणि खड्ड्याच्या कडेची माती किती कोरडी आहे, सारखी घसरून आत पडते आहे, एवढंच बघत होती. त्रेचाळीस वर्षांची बाई, पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. दुःखावरची पुस्तकं तिने कपाटभर वाचली होती. त्यातलं एकही वाक्य या दिवसांत तिला आठवलं नाही, आणि आठवत नाही याचंही तिला काही वाटलं नाही.

सकाळी अकराच्या सुमाराला ती अव्वाची बॅग भरत होती. अव्वा दारात येऊन उभी राहिली. एरवी तिचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. आज मात्र ती लॅपटॉपकडे बोट करून हळू बोलली.

“मही, त्या डब्यात लिवलेलं असतंय न्हवं, त्यांनी कवा कवा दिवा लावला ते?”

असेल, असं महेश्वरी म्हणाली. अव्वाने कानामागे हात धरला. मग महेश्वरी मोठ्याने म्हणाली, की असेल, पण बघावं लागेल.

“मग बघ की. त्या दिवसाचं. नंद्या यायच्या आदी.”

दिव्याची गोष्ट अशी होती.

दीड वर्षापूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये अप्पांचा आवाज गेला. अव्वाचे कान त्याच्या कितीतरी आधी गेले होते. लग्नानंतरची वीस वर्षं तिने मागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरण्यात घालवली होती, आणि त्या खडखडाटात कान एका दिवसात जात नाहीत, रोज थोडे थोडे जातात. कानात घालायचं मशीन तिला आणून दिलेलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून डबीत पडून होतं. म्हणजे घरात दोनच माणसं, एकाला हाक मारता येत नाही आणि दुसरीला ऐकू येत नाही. अप्पांनी चमच्याने वाटी वाजवून पाहिली, बेल बसवून पाहिली. अव्वाचा फोन थरथरेल अशी सोय करून पाहिली, तर फोन नेमका दुसऱ्याच खोलीत असायचा. शेवटी त्यांनी आपल्या धंद्यातली एक जुनी युक्ती बाहेर काढली.

अप्पांचा, म्हणजे चनमल्लप्पांचा, जन्म चादरींची डिझाइनं काढण्यात गेला. आधी ते आलेखाच्या कागदावर चौकोन भरत आणि त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडत. पत्त्यांची माळ मागावर चढली, की भोक असेल तिथे दोरा वर जाणार, नसेल तिथे खाली राहणार. पुढे हे काम कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा त्यांच्या वयाचे बहुतेक जण घरी बसले. अप्पा पंचेचाळिसाव्या वर्षी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकले. माउसचा त्यांना राग होता. “भोक हाय का न्हाय, एवढंच तर इचारतंय की ते मशीन. त्याला हात धरून कशाला फिरवायचं?” असं ते म्हणायचे.

लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरात दिवासुद्धा एक फाइल असते, हा शोध त्यांना लागला तेव्हा ते सांगायला त्यांनी पुण्याला फोन केला होता. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात तीन बारके दिवे असतात. पहिले दोन कामाचे. तिसरा, स्क्रोल लॉकचा, कोणाच्याच कामाचा नाही. त्या तिसऱ्या दिव्याच्या फाइलीत एक लिहिला की तो लागतो, शून्य लिहिलं की विझतो. आणि हे लिहिणं आपल्या जागेवरून, दुसऱ्याच्या टेबलावरच्या मशीनसाठीही करता येतं. महेश्वरीने तेव्हा पुस्तकांवर क्रमांक चिकटवता चिकटवता हं हं केलं होतं.

या शोधाचा पहिला फायदा झाला तो तिप्पण्णाला. तिप्पण्णा कारखान्यात अप्पांच्या हाताखाली होता. तो दाराकडे पाठ करून बसायचा आणि डिझाइन उघडं ठेवून त्याच्या आड कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचा. शेठ जिना चढू लागले की अप्पा आपल्या जागेवरून एक ओळ टाइप करत, तिप्पण्णाच्या कीबोर्डवरचा तिसरा दिवा लुकलुके आणि शेठ आत येईपर्यंत पडद्यावर मोराची चादर आलेली असे. हे नऊ वर्षं चाललं. तिप्पण्णाइतका कामात बुडालेला माणूस आपण पाहिला नाही, असं शेठ त्याच्या निरोप समारंभात म्हणाले, आणि अप्पा तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले.

तीच युक्ती त्यांनी अव्वासाठी घरात आणली. कारखान्याने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर स्वयंपाकघरात बसवला आणि त्याचा कीबोर्ड ओट्याच्या वरच्या फळीवर, भिंतीला टेकून उभा केला, भाकरी थापताना अव्वाच्या डोळ्यांसमोर येईल असा. पहिल्या दोन दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. तिसरा तेवढा उघडा. खाटेवरून लांबलचक ओळ टाइप करायला नको म्हणून त्यांनी दोन छोट्या आज्ञा बनवल्या. एकीचं नाव हाक, दुसरीचं झालं. हाक लिहिलं की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकू लागे. अव्वा येऊन खाटेशी उभी राहिली की ते झालं लिहीत आणि दिवा विझे. विझवणं त्यांच्याकडेच होतं. अव्वाला फक्त बघायचं होतं.

एक वायर ओढून बल्ब लावला असता तरी भागलं असतं, हे समोरच्या सुकन्यावहिनींपासून सगळ्यांनी सांगून झालं. पण बल्ब दुसऱ्या कोणीतरी येऊन लावून दिला असता.

आणि प्रत्येक हाकेची, प्रत्येक झालंची तारीख आणि वेळ एका फाइलीत आपोआप पडत जाई. डिझाइनच्या पत्त्याला क्रमांक घातल्याशिवाय त्यांनी आयुष्यात पत्ता पुढे दिला नव्हता, ही सवय त्यातलीच. अव्वाला ही फाइल ठाऊक होती, कारण ते तिला चिडवायचे. पाटीवर लिहून दाखवायचे, काल तू एकोणीस वेळा आलीस, त्यातल्या चार वेळा पाय आपटत आलीस. अव्वाचं शिक्षण दुधनीच्या कन्नड शाळेतलं, म्हणून पाटीवर ते कन्नडच लिहीत.

आता अव्वा खाटेवर बसली. गादी देऊन टाकलेली, नुसत्या पट्ट्यांवर. तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. फळीवरचा पहिला कीबोर्ड ज्वारीच्या पिठाने बिघडला होता. दुसरा बसवताना अप्पांनीच तिला बजावलं, की पीठ चाळताना त्यावर फडकं टाकत जा. मागाच्या घरातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. कापसाचा भुरा बसू नये म्हणून तिथे शिलाई मशीनपासून रेडिओपर्यंत सगळ्यावर फडकं असतंच. चाळून झालं की फडकं काढायचं, असा तिचा नेम होता. अप्पा गेले त्या दिवशी मात्र महेश्वरी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत जाणार होती. तिला बरोबर द्यायला अव्वाने कडक भाकरी करायला घेतल्या. कडक भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर वाळवत ठेवायची, एकीकडे लक्ष तर दुसरीकडे हात. पीठ संपलं, पुन्हा चाळलं, पुन्हा मळलं.

“भाकरी हुईस्तवर फडकं तसंच ऱ्हायलं,” अव्वा म्हणाली. मग जरा थांबून, “काढलं तवा दिवा बंद हुता. मी नीट बघितलं, मही. बंद हुता.”

फडकं साडेअकराला टाकलं असेल, बारा वाजता काढलं असेल, असा तिचा अंदाज होता. सव्वाबाराला ती पेज घेऊन आत गेली, तेव्हा अप्पा गेलेले होते. डॉक्टर म्हणाले होते की हृदय बंद पडलं, जवळ कोणी असतं तरी काही करता आलं नसतं. ते महेश्वरीने अव्वाला त्याच दिवशी ओरडून सांगितलं होतं आणि अव्वाने मान हलवली होती. आज अव्वाचा प्रश्न तो नव्हता. त्यांनी आपल्याला बोलावलं होतं का, एवढंच तिला हवं होतं. आणि चार वाजल्यानंतर ते सांगू शकेल असं जगात काही उरणार नव्हतं.

महेश्वरीने लॅपटॉप मांडीवर घेतला. शेवटी शेवटी बोटं थकतात म्हणून अप्पांनी पासवर्ड काढून टाकला होता. काळा पडदा उघडला आणि त्यावर एक छोटी रेघ लुकलुकत राहिली. पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तिने तिप्पण्णाला फोन लावला.

तिप्पण्णा आधी घरच्यांची चौकशी करत बसला. मग म्हणाला, सोपं आहे, कॅट लिही, एक जागा सोड आणि पुढे नोंद असं इंग्रजी अक्षरांत लिही. “तुज्या अप्पांनी मला पयल्या दिवशी हे सांगितलं, तवा मी म्हटलं, डिझाइन मोराचं हाय आन् मांजर कशाला आणताय.” तो स्वतःच थोडं हसला. बटण दाबायच्या आधी काय बघायचंय ते तरी सांग, असं त्याने विचारलं. वेळा बघायच्यात, महेश्वरी म्हणाली.

“मी येऊ का तितं?”

“नको,” ती म्हणाली.

पडद्यावरून ओळी सरासरा वर पळाल्या आणि थांबल्या. दीड वर्षाच्या ओळी. तिने उगाच मागे जाऊन पाहिलं. तारीख, वेळ, हाक. तारीख, वेळ, झालं. मधलं अंतर बहुतेक एक मिनिट, कधी दोन. एका दुपारी सहा मिनिटं होती. त्या दिवशी गॅसवाला आला असेल, किंवा अव्वा पाणी भरत असेल. एका पहाटे लागोपाठ सात हाका होत्या, आणि त्या दिवसांत आपण पुण्यात काय करत होतो ते तिला आठवेना. ती एखाद्या अनोळखी माणसाचं दप्तर तपासावं तशी खाली खाली येत गेली. शेवटच्या दिवशीच्या ओळी सहाच होत्या. सात दहा, हाक. सात अकरा, झालं. नऊ चौदा, हाक. नऊ सोळा, झालं. अकरा एक्केचाळीस, हाक. अकरा एकोणपन्नास, झालं. त्याखाली पुन्हा ती छोटी रेघ.

तिने आठ मिनिटं मोजली, मग पुन्हा मोजली. अकरा एक्केचाळीसला ती सोलापूरच्याच नव्या पेठेत होती. कॉलेजातल्या एका बाईंनी सोलापूरची चादर आण म्हणून सांगितलं होतं आणि दुकानदार एकामागून एक घड्या मोडून दाखवत होता. हिरवी की तांबडी, हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिने हिरवी घेतली. ती अजून पिशवीतच होती.

फडक्याखाली दिवा आठ मिनिटं लुकलुकला. मग कोणी गेलेलं नसताना त्यांनी झालं लिहिलं. का, ते ओळीत नव्हतं. कळ आली आणि ओसरली असेल. कंटाळले असतील. आपण गेल्यावर दिवा तसाच लुकलुकत सापडू नये, एवढी शुद्ध असेल. कादंबरीत असं पान आलं असतं तर तिने त्याच्या कडेला पेन्सिलीने बारीक खूण केली असती. इथे दोन ओळी होत्या आणि त्यांत दोन वेळा होत्या.

अव्वा पट्ट्यांवर तशीच बसून होती, लेकीच्या तोंडाकडे बघत. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. कन्नडमध्ये लिहून दाखवावं, तर महेश्वरीला स्वतःच्या नावापलीकडे कन्नड लिहिता येत नव्हतं. जे काय सांगायचं ते ओरडूनच सांगावं लागणार होतं.

“नाही अव्वा,” ती ओरडली. “सव्वानऊनंतर एकदाही दिवा लावलेला नाही. नाही बोलावलं त्यांनी.”

तिला वाटलं त्यापेक्षा ते सोपं गेलं. आवाज अगदी सरळ निघाला, वाचनालयात एखादं पुस्तक नाही असं सांगावं तसा. समोरच्या अंगणात सुकन्यावहिनी कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

बरं, असं अव्वा म्हणाली. उठली, स्वयंपाकघरात गेली. आता तिला हलकं वाटेल, चार घास जेवेल, असं महेश्वरीने धरून चाललं होतं. तिने बॅगेत दोन पातळं ठेवली, औषधांची पिशवी ठेवली. स्वयंपाकघरातून कसलाच आवाज येईना, म्हणून काही वेळाने ती आत गेली. अव्वा ओट्यासमोर उभी होती. फळीवरच्या कीबोर्डचे दिवे बंदच होते. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांतल्या कोणीतरी मिक्सर लावायला कॉम्प्युटरची पिन काढली होती आणि ती पुन्हा कोणी घातली नव्हती. डब्यात त्या दिवसाच्या भाकऱ्या निम्म्या उरलेल्या. अव्वा कशाकडेच बघत नव्हती.

“एकोणपन्नास वरसं झाली,” अव्वा म्हणाली. “चष्मा नाकावर असला तरी चष्मा कुटं हाय म्हणून मला हाक मारणार. आन् जाताना न्हाई मारली.”

महेश्वरीने भाकऱ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

“म्हंजे माजं काय काम नव्हतं त्यांना. मी आपली उगाच बारा दिस फडक्याचं मनाला लावून बसले.”

तिच्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. एखाद्या माणसाचा पत्ता विचारत इतक्या लांब यावं आणि इथे तसं कोणी राहत नाही असं ऐकावं, तशी ती उभी होती. महेश्वरी बराच वेळ ते तोंड बघत राहिली. मग तिने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, अव्वाच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला आपल्याकडे वळवलं आणि ओठ दिसतील असं, एकेक शब्द सोडवून म्हणाली, “मी खोटं सांगितलं. त्यांनी बोलावलं होतं तुला.”

“करेद्रेनु?” अव्वाच्या तोंडून कन्नड निघालं. बोलावलं का? खरंच बोलावलं?

“अकरा एक्केचाळीसला. फडकं होतं तेव्हा. आठ मिनिटं दिवा चालू होता. मग त्यांनीच बंद केला.”

अव्वाने तिचे हात खांद्यांवरून काढले आणि ती खाटेच्या खोलीत गेली. तिने लॅपटॉप दाखव म्हणून खूण केली. महेश्वरीने त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. अक्षरं नाही तरी आकडे अव्वाला वाचता येत होते. तिने ते पुटपुटत वाचले, दोन्ही वेळा, आणि मग बोटांच्या पेरांवर मोजले.

“आठ मिन्टं,” ती म्हणाली. “आठ मिन्टांत माज्या चार भाकरी हुतात.”

“हो.”

“बंद त्यांनीच केला? आपसूक बंद हुत न्हाई?”

“आपोआप नाही होत. लिहावं लागतं.”

“म्हंजे बोटं चालत हुती तवर.” अव्वाने भिंतीवर तळहात टेकवला. खाट याच भिंतीला लागून होती आणि ओटा पलीकडच्या बाजूला. “थापताना ही भिंत हालती. मी भाकरी करतेय ते त्यांना हितं कळत हुतं. सारखं म्हणायचे, म्हणजे लिवायचे, तुजी भाकरी माज्या पाठीत थापतीस.” एवढं बोलून ती थांबली. आपल्या बोलण्यातून काय निघतंय ते ती तपासत असावी.

“का बंद केला असंल?”

“माहीत नाही, अव्वा.”

“तू कुटं हुतीस तवा?”

“नव्या पेठेत. चादर घेत होते.”

“व्हय,” अव्वा म्हणाली. पिशवीकडे तिने एकदा पाहिलं. चादर कुठली घेतली, असंही तिने विचारलं. हिरवी, असं ऐकल्यावर तिने मान हलवली. दोघी त्या पट्ट्यांवर शेजारी शेजारी बसल्या. बाहेर कुरडयांवर बसणाऱ्या कावळ्यांना सुकन्यावहिनी हाकलत होत्या. महेश्वरीला आपले हात मांडीवर दिसत होते आणि ते कोणाचे आहेत हे आठवायला जरासा वेळ लागत होता, बारा दिवस लागत होता तसाच.

“मगाशी खोटं कशाला बोललीस?”

“तुला बरं वाटेल म्हणून.”

“आन् ते एवढ्या मोठ्यानं? खरं बोलताना खिडकी लावून घेतलीस आन् खोटं सगळ्या गल्लीला ऐकवलंस.” अव्वाने कपाळाला हात लावला. “ती सुकन्या आता दारोदार सांगंल, म्हाताऱ्यानं जाताना म्हातारीला इचारलंसुदिक न्हाई म्हणून.”

महेश्वरीच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की काय, तिलाही सांगता आलं नसतं. अव्वाला तो ऐकू गेला नाही.

जेवायला दोघींनी त्यातल्याच दोन भाकऱ्या शेंगाचटणीबरोबर मोडून खाल्ल्या. मग लॅपटॉपचं काय करायचं, असं महेश्वरीने विचारलं. ठेवू या का, नंदीशला मी सांगते. अव्वाने विचार केला आणि ने म्हणावं, असं सांगितलं. पोरीला अभ्यासाला होईल. त्यातलं पुसलं तरी चालेल, आता मला माहीत झालं. महेश्वरीला वाटलं, त्या ओळी निदान कागदावर उतरवून घ्याव्यात. पण आकडे दोघींनाही पाठ झाले होते आणि तिने पेन शोधलं नाही.

नंदीश चारला पाच मिनिटं कमी असतानाच आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत येत होता. अव्वा पदर खोचून, बॅग पायाशी घेऊन उंबऱ्यात उभी होती. सुकन्यावहिनी कुरडया गोळा करायला अंगणात आल्या होत्या, त्यांच्या ओट्यावर आणखी दोघी बसलेल्या. नंदीश चपला काढायला वाकला, तेवढ्यात अव्वाने त्याला गाठलं. आवाज तिचा नेहमीचा होता, गल्लीच्या या टोकाचा त्या टोकाला जाणारा.

“नंद्या, तुज्या आतोबानी मला बोलवलं हुतं. जायच्या आदी. अकरा एक्केचाळीसला. मी भाकरी करत हुते, मी गेले न्हाई.”

समोरच्या ओट्यावरचं बोलणं थांबलं. एक चप्पल हातात धरून नंदीश तसाच वाकलेला राहिला. त्याने अव्वाकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या महेश्वरीकडे. समजूत घालायची की ऐकून घ्यायचं, हे ती सांगेल असं त्याला वाटलं असावं. तिने फक्त, खरं आहे ते, असं सांगितलं.

नंदीशने हातातली चप्पल खाली ठेवली. त्याचे ओठ हलले नाहीत, म्हणून त्याने ऐकलंच नाही असा अव्वाचा समज झाला. आणि तिने ते पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने, वेळेसकट सांगितलं.